नव्या मालकाची यादी

नवी वस्तू हाती आली की तिच्यावर आपली खूण उमटविल्यावाचून माणसाला चैन पडत नाही. नव्या घरात पाऊल टाकताच गृहिणी देव्हारा कोठे मांडावा याचा विचार करू लागते, यजमान भिंतीत खुंटी ठोकण्याची जागा शोधतो, आणि विद्यार्थी वहीला कव्हर घालण्यापूर्वीच तिच्यावर आपले नाव घालून मोकळा होतो. आम्ही उज्जैनमध्ये शिकत होतो त्या काळी सायकल ही घरातील मातब्बर मालमत्ता समजली जाई. ज्या मुलाला ती मिळे, तो पहिल्याच आठवड्यात तिच्या आऱ्यांत रंगीत मणी ओवी, मडगार्डला रबरी झालर लावी, आणि मुठींना प्लास्टिकच्या फिती बांधी. त्या मण्यांनी सायकल कणभरही अधिक वेगाने धावत नसे. परंतु ती 'आपली' होत असे. हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्याचा उपहास करण्याचे कारण नाही.

आज सायकलीची जागा मोटारीने घेतली आहे. आमच्या उज्जैनमध्ये २०२४ साली विक्रम व्यापार मेळा भरला आणि तेथे घेतलेल्या वाहनांच्या करात ५० टक्के सूट मिळाली, तेव्हा ज्या घरी मोटारीचा विचार 'पुढे पाहू' म्हणून टाळला जात होता, त्या घरांसमोरही हार घातलेल्या गाड्या उभ्या राहिल्या. नवी गाडी घेणाऱ्याने आपली जुनी विकली आणि ती एखाद्या तरुणाने हौसेने घेतली, असेही घडले. आमच्या भाच्याकडे आलेली गाडी अशीच एका गृहस्थांची होती. ती लहान आहे, चपळ आहे, आणि तरुणांच्या भाषेत सांगावयाचे तर 'स्पोर्टी' आहे. गाडी दारात आल्याच्या तिसऱ्या दिवशी भाच्याने आमच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर तिच्यात करावयाच्या फेरफारांची नऊ कलमी यादी होती आणि त्यासाठी बाजूस काढलेल्या ८०,००० रुपयांचा आकडा होता.

यादी येणेप्रमाणे: १७ इंची अलॉय व्हील व रुंद टायर, गाडी खाली बसविण्यासाठी आखूड स्प्रिंगा, मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर, इंजिनाची शक्ती वाढविणारा 'रीमॅप', पांढऱ्या प्रखर प्रकाशाचे दिवे, काचांना काळी फिल्म, मागे पंखासारखा स्पॉयलर, पुढे लोखंडी गार्ड, आणि शेवटी दोन्ही अंगांवर तांबडी रेघ. आमची भगिनी, म्हणजे त्याची आई, एवढेच म्हणाली, "दादा, याला जरा समजाव. या गाडीतूनच मला नाशिकला न्यायचे म्हणतो आहे." आम्हास मोटारविद्या येत नाही, परंतु शाळेत तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यामुळे यादी दिसली की तिच्यातील प्रश्नांचा क्रम बरोबर आहे किंवा नाही हे पाहण्याची सवय जडली आहे. त्या सवयीने आम्ही या विषयाचा जो थोडाबहुत अभ्यास केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण अशी यादी आज ना उद्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी यावयाची आहे.

चाकणची गाडी

भाच्याची गाडी फोक्सवॅगन पोलो आहे. कंपनी जर्मन असली तरी गाडी जन्माने महाराष्ट्रीय आहे. ज्या चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाहिस्तेखानाविरुद्ध लढविला, त्याच चाकणला या कंपनीचा कारखाना २००९ साली सुरू झाला. पोलो २०१० साली बाजारात आली व २०२२ साली तिचे येथील उत्पादन थांबले. तिच्या अखेरच्या, म्हणजे २०२० नंतरच्या काही पेट्रोल गाड्यांत ९९९ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे आणि टर्बो बसविलेले इंजिन होते. त्याची शक्ती ११० अश्वशक्ती होती. मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी वापरली असेल. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, म्हणजे याहून मोठे होते, तरी तिची शक्ती सुमारे ४० अश्वशक्तीच होती. तात्पर्य, आजच्या लहान गाडीच्या पोटात कालच्या जवळजवळ तीन गाड्यांचे बळ कारखान्यातूनच भरून आलेले असते. नव्या मालकाने फेरफारांचा विचार करण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

हौसेची वंशावळ

लहान गाडीत फेरफार करण्याची हौस उनाडांनी काढलेली नाही. तिला मोठी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये १९५९ साली सर अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी 'मिनी' नावाची अगदी चिमुकली गाडी सिद्ध केली. इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे, शक्ती ३४ अश्वशक्तीच्या आसपास, चाके अवघी १० इंचांची. पेट्रोलच्या टंचाईत सामान्य कुटुंबास परवडावी एवढाच तिचा हेतू होता. परंतु शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या जॉन कूपर यांना तिच्यात निराळे काही दिसले. हलके वजन, चार कोपऱ्यांत बसविलेली चाके, जमिनीलगतचा बांधा, यांमुळे ती वळणावर मोठ्या गाड्यांस मागे टाकील हे त्यांनी हेरले. १९६१ साली मिनी कूपर बाजारात आली. इंजिन ९९७ घनसेंटिमीटरचे झाले, शक्ती ५५ अश्वशक्तीवर गेली. पण त्याच वेळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसविले गेले, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. कूपर यांनी वेग वाढविला तेव्हा थांबण्याची सोयही त्याच हाताने वाढविली.

इटलीत कार्लो अबार्थ यांनी १९४९ साली आपला व्यवसाय थाटला. फियाटच्या लहान गाड्यांत बदल करून त्यांना शर्यतीच्या योग्यतेस आणण्यात त्यांनी मोठी कीर्ती मिळविली. त्यांच्या नावाचे सायलेन्सर जगभर खपले. आपल्याकडेही कोइंबतूरच्या करिवर्धन यांनी १९८० च्या दशकात मारुती ८०० चे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन एकाच चालकाची शर्यतीची गाडी तयार केली. 'फॉर्म्युला मारुती' हे तिचे नाव. परदेशी गाडीच्या मानाने फार थोड्या पैशांत ती उभी राहत असे, आणि पुढे २००५ साली फॉर्म्युला वन शर्यतीत उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याच्या आरंभीच्या शर्यती याच गाडीतल्या. १९९५ साली विमान अपघातात करिवर्धन यांचा अंत झाला. कोइंबतूरचा शर्यतमार्ग आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

या तिघांत एक गोष्ट समान आहे. गाडीत काय आहे हे पूर्ण समजून घेतल्यावर मगच तिच्यात काय घालावयाचे ते त्यांनी ठरविले. आणि त्यांनी वाढविलेला वेग शर्यतीच्या आखीव मार्गावर, नियम व पंच यांच्या डोळ्यांदेखत वापरला गेला. बाजारातून दुकानदाराच्या सल्ल्याने आणलेले सुटे भाग एकावर एक चढविणे, ही या परंपरेची नक्कल झाली.

एका दिव्याची गोष्ट

याच मिनीची एक कथा आमच्या भाच्याच्या यादीतील पाचव्या कलमाशी जुळते. युरोपातील मॉन्टे कार्लो रॅली ही शर्यत मिनीने १९६४ व १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. १९६६ साली तर पहिल्या तिन्ही क्रमांकांवर मिनीच आल्या. परंतु तपासणीअंती तिन्ही बाद ठरविण्यात आल्या. कारण इंजिनात नव्हते, चाकांतही नव्हते. ते पुढच्या दिव्यात होते. त्यांत बसविलेला एकाच तारेचा प्रखर बल्ब समोरून येणाऱ्यासाठी नियमाप्रमाणे खाली वळत नाही, असा पंचांचा आक्षेप होता. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाला आणि इंग्रज मंडळी तो अन्याय मानीत आली. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, मिनीने पुन्हा शर्यत जिंकली. वाद काहीही असो, जगातील नामांकित तंत्रज्ञांनी सिद्ध केलेली गाडी एका बल्बापायी बाद होऊ शकते एवढे त्यावरून दिसते.

आपल्या रस्त्यावर पंच उभे नसतात. तेथे समोरून येणारा मनुष्यच शिक्षा भोगतो. मोटारीच्या दिव्यामागील परावर्तक हा विशिष्ट प्रकारच्या बल्बासाठी मोजून घडविलेला असतो. हॅलोजन बल्बासाठी घडविलेल्या त्या वाटीत बाजारातला पांढरा एलईडी बल्ब खोचला की प्रकाशाचा उगम जागचा हलतो, किरण विखुरतात, आणि 'डिपर' दिला तरी झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल लोक खुले झाल्यापासून आमच्या नगरीत यात्रेकरूंची केवढी गर्दी असते हे सर्वांस ठाऊक आहे. इंदूरच्या रस्त्याने रात्री पायी येणारे भाविक, ई-रिक्शा, दुचाकीवर तिघे बसलेले कुटुंब, या सर्वांस क्षणभर आंधळे करून आपण आपला रस्ता उजळतो, यात पुरुषार्थ नाही. शिवाय असे दिवे व हॉर्न बसविताना मूळ वायरी कापून जोड दिले जातात. त्या कच्च्या जोडांतून ठिणगी उडून गाडी पेट घेऊ शकते.

जे दिसत नाही ते आधी

यादी हातात घेऊन आम्ही भाच्यासह इंदूरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी यादी वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि गाडीभोवती एक फेरी घातली. मागच्या चाकाशी वाकून ते म्हणाले, "भैया, पहले ये पढ़ो." टायरच्या कडेवर लंबवर्तुळात चार आकडे कोरले होते: ४६१९. भाच्याने ते यापूर्वी कधी पाहिले नव्हते. पहिले दोन आकडे आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे तो टायर २०१९ सालच्या ४६ व्या आठवड्यात तयार झाला होता. नक्षी अजून शिल्लक होती, पण कडेच्या रबराला केसाएवढ्या चिरा पडल्या होत्या. पुढचे दोन टायर निराळ्या कंपनीचे व नंतर घातलेले होते. ब्रेकचे तेल चहाच्या रंगाचे झाले होते आणि मागच्या एका चाकाच्या ड्रममध्ये गळतीची ओल होती. 'स्पोर्टी' म्हणून मिरविणाऱ्या त्या गाडीचे पाय असे अधू होते, आणि यादीच्या नऊ कलमांत त्यांपैकी एकाचाही उल्लेख नव्हता.

हे का महत्त्वाचे, ते थोड्या गणिताने समजेल. गाडी दुप्पट वेगाने धावली की तिला थांबविण्यास दुप्पट नव्हे, तर चौपट अंतर लागते. चांगले टायर व ब्रेक असलेली गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगात असता ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरांत थांबते. ताशी १२० असता तिला सुमारे ८० मीटर लागतात. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरले तर त्यात पहिल्या वेळी आणखी १७ व दुसऱ्या वेळी ३३ मीटर मिळवावे लागतात. एकूण अंतर ३७ मीटर व ११३ मीटर होते. शंभरावर मीटर म्हणजे शाळेच्या मैदानावरील शर्यतीच्या संपूर्ण पट्ट्याहून अधिक. हे गणित चांगल्या टायरांचे आहे. टणक झालेल्या रबराचे आणि पावसाचे निराळे.

ब्रेकच्या तेलाची गोष्टही अशीच. ते हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. परंतु आपण माळव्यातून खाली उतरताना मानपूरच्या घाटात किंवा सेंधव्यापुढील बिजासनच्या घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवला की चाकाशी ते तेल उकळू लागते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचे पेडल पोकळ लागते. म्हणून सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी ते तेल बदलावे आणि घाट उतरताना खालचा गिअर धरावा. ज्या घाटांतून आपण पिढ्यानपिढ्या लग्नकार्यांसाठी ये-जा करीत आलो, त्यांचा हा साधा धर्म आहे. समृद्धी महामार्गावर, जो ७०१ किलोमीटरांचा पूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला, टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर झिजलेल्या टायरांची तपासणी हाती घ्यावी लागली, हेही वाचकांस स्मरत असेल.

मापे आणि मोह

आता यादीतील मुख्य कलमांकडे वळू. मोठ्या चाकांचा मोह सर्वांस पडतो. समजा, कारखान्याने गाडीस १८५/६० आर १५ या मापाचे टायर दिले आहेत. यांतील १८५ ही मिलिमीटरांतील रुंदी, ६० हे उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. या चाकाचा एकूण व्यास सुमारे ६०३ मिलिमीटर होतो. त्याऐवजी २०५/५५ आर १६ घातले तर तो सुमारे ६३२ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ ५ टक्के अधिक. परिणामी, मूळ मापात अचूक असलेला काटा ८० दाखवील तेव्हा गाडी ८४ ने धावत असेल. टायर आतून घासण्याचा संभव वाढेल, आणि मोठा व जड रिम उचलताना स्प्रिंगांवर भार येईल तो निराळाच. तेच २०५/५० आर १६ घेतले तर फरक दीड टक्क्याच्या आतच राहतो. म्हणून माप बदलावयाचेच तर आधी हा हिशेब कागदावर मांडावा आणि कंपनीने त्या गाडीस मान्य केलेल्या मापांतच राहावे. दुकानदार 'बसतंय ना' एवढेच पाहतो. मालकाने त्यापुढचे पाहावे.

स्प्रिंगा कापून गाडी खाली बसविणे हा दुसरा मोह. स्प्रिंग व शॉक-अ‍ॅब्सॉर्बर ही जोडी एकमेकांस साजेशी घडविलेली असते. एक आखूड केला की दुसरा आपल्या नेमल्या टप्प्याबाहेर काम करू लागतो, चाक रस्त्यावरून उडते, आणि गाडी वळणावर अधिक पकड धरण्याऐवजी कमी धरते. मग आमच्या गल्ल्यांतील गतिरोधक आहेतच. ते कोणत्या मापाने बांधले जातात हे सांगणे कठीण. घरातील वृद्धांस खाली बसलेल्या गाडीत चढउतार करणे किती कष्टाचे होते, याचाही विचार यादी करणाऱ्याने करावा.

'रीमॅप' हा शब्द आता सर्वतोमुखी झाला आहे. इंजिनात किती पेट्रोल सोडावे, ठिणगी केव्हा पाडावी, टर्बोने हवा किती दाबावी, हे एक लहान संगणक ठरवितो. त्याच्या आज्ञा बदलून हवेचा दाब वाढविला की शक्ती वाढते. हे खरे आहे, आणि चालकास ते लगेच जाणवतेही. परंतु त्याबरोबर उष्णता वाढते, क्लच व गिअरबॉक्स यांच्यावरचा ताण वाढतो, आणि कंपनीने राखून ठेवलेली सुरक्षिततेची शिल्लक खर्ची पडते. ती शिल्लक निर्मात्याने अज्ञानाने ठेवलेली नसते. राजस्थानच्या उन्हाळ्यात, काश्मीरच्या थंडीत, भेसळीच्या पेट्रोलवर, तेल बदलण्यास विसरणाऱ्या मालकाच्या हाती ही गाडी चालावी, म्हणून ती ठेवलेली असते.

लोखंडी गार्ड तर शोभेखातरही लावू नये. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने अशा गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले. धडकेचा आघात गाडीच्या पुढच्या भागाने चुरगळून शोषून घ्यावा व एअरबॅग नेमक्या क्षणी उघडावी, अशी योजना असते. गार्ड त्या योजनेत आडवा येतो, आणि पादचाऱ्यास तर तो घणासारखा लागतो. २०१४ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोस प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही; दोन एअरबॅग असलेल्या त्याच गाडीस पाचांपैकी चार मिळाले. ज्या सोयीवर जीवनमरणाचा एवढा फरक अवलंबून आहे, तिच्यापुढे हौसेचे लोखंड आणून उभे करणे कोणत्या शहाणपणात बसते?

कायदा काय म्हणतो

आपल्या गाडीत आपण काहीही करू, ही समजूत कायद्यास मान्य नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने मुळात ठरविलेल्या व नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये गैर फेरफारास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पुण्याची एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था किंवा तिच्यासारखी अन्य मान्य संस्था गाडीच्या नमुन्याची चाचणी घेते, ब्रेक, धूर, आवाज, दिवे तपासते, आणि मगच ती गाडी विक्रीस येते. फेरफार करणारा मालक, नकळत का होईना, त्या सर्व परीक्षा रद्द करून टाकतो आणि नवी परीक्षा मात्र देत नाही. विद्यार्थ्याने निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका बदलावी, तसेच हे.

तथापि कायद्याने सर्वच दारे बंद केलेली नाहीत. गाडीचा रंग बदलावयाचा, मान्यताप्राप्त सीएनजी संच बसवावयाचा, तर परिवहन कार्यालयाची अनुमती व नोंदणीपत्रात नोंद यांच्या मार्गाने ते करता येते. आसनांची कव्हरे, स्टिअरिंगचे वेष्टन, संगीताची साधने, पायघड्या, यांना कोणी हरकत घेत नाही. काचांतून पुढे व मागे ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. बाजारातील गर्द काळ्या फिल्म त्यात बसत नाहीत. विमा कंपनीस तर प्रत्येक बदल लेखी कळवावा. न कळविलेल्या फेरफाराचे कारण दाखवून नुकसानभरपाई नाकारली जाऊ शकते, आणि तो धक्का ज्या दिवशी बसतो, त्या दिवशी घरात आधीच एक धक्का बसलेला असतो.

मूळ संहिता आणि भर

मराठीच्या अभ्यासकास येथे नाथांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. एकनाथ महाराज स्वतः केवढे समर्थ कवी! परंतु शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी हाती घेतली ती तिच्यात आपली भर घालण्यासाठी नव्हे. तीन शतकांत लेखकूंच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करून मूळ संहिता शुद्ध करणे, हेच कार्य त्यांनी केले. आणि पुढे कोणी तिच्यात आपली ओवी मिसळू नये, असे बजावून ठेविले. आपल्या प्रतिभेसाठी त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील स्वतंत्र टीका लिहिली. मोटारीची ज्ञानेश्वरीशी तुलना करण्याचा अविचार आम्ही करणार नाही. पण क्रम तोच आहे. जुनी गाडी घेणाऱ्याच्या हाती मूळ प्रत येत नसते. आधीच्या मालकांच्या हयगयीचे, स्वस्त सुट्या भागांचे, अर्धवट दुरुस्त्यांचे अपपाठ तिच्यात असतात. ते आधी काढून टाकावे. गाडी कारखान्यातून निघाली तशी झाली की निदान सहा महिने ती तशीच चालवावी. मग तिला खरोखर काय उणे आहे हे कळते, आणि बहुधा असे आढळते की उणे फारसे काही नव्हते.

भाच्याच्या ८०,००० रुपयांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम एकाच कंपनीच्या व मूळ मापाच्या चार टायरांत, ब्रेकच्या दुरुस्तीत, झिजलेल्या रबरी बुशांत आणि चाकांच्या अलाइनमेंटमध्ये गेली. बाहेरून पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही, याची त्याला खंत वाटली. परंतु गाडी चालवून परत आला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "मामा, वळणावर आता ती हातात राहते." यादीतील तांबडी रेघ आम्ही आनंदाने मंजूर केली. दिवे, गार्ड, काळी फिल्म व मोकळा सायलेन्सर ही चार कलमे त्याने स्वतः खोडली. पंख मागे पडला आहे, मोठी चाके व आखूड स्प्रिंगा पुढच्या वर्षावर गेल्या आहेत, आणि रीमॅपच्या कलमावर मात्र आमचे एकमत झालेले नाही. "गाडी माझी आहे, पेट्रोल माझे आहे," असे तो म्हणतो. "रस्ता मात्र एकट्याचा नाही," असे आम्ही म्हणतो. वेगाची हौसच फेडावयाची तर ती बंदिस्त मार्गावर, परवानगीच्या स्पर्धेत, शिरस्त्राण घालून फेडावी. आपल्यापासून फार दूर नसलेल्या पीथमपूरला २०२१ साली ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेग-चाचणीमार्ग सुरू झाला. गाड्या तयार करणाऱ्या कंपन्यादेखील आपला वेग अशा राखीव जागी अजमावतात, इंदूर रस्त्यावर नव्हे, हे तरुणांनी पाहावे.

अशी यादी घरी आल्यास वडीलधाऱ्यांनी ती फाडून टाकू नये. फाडलेली यादी मुलाच्या मनात राहते आणि मग ती आपल्या नकळत दुकानदार पुरी करतो. मुलास जवळ बसवावे, यादी मोठ्याने वाचावी, आणि प्रत्येक कलमापुढे तीन प्रश्न लिहावेत: याने गाडी लवकर थांबेल काय? समोरून येणाऱ्यास याचा त्रास होईल काय? याची नोंद परिवहन कार्यालयात व विमा कंपनीत उजळ माथ्याने करता येईल काय? मग पेन्सिल मुलाच्याच हाती द्यावी. आणि तत्पूर्वी दोघांनी मिळून खाली उतरावे व चारही टायरांवरचे ते चार आकडे वाचून घ्यावेत.